सातबाऱ्यात न मावलेलं गाव

गाव नमुना बारामध्ये पिकाला रकाना आहे, पाण्याच्या साधनाला आहे, पडीक जमिनीलाही आहे. राबाला रकाना नाही. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या आसपासच्या साझ्यांवर तलाठी म्हणून मी अर्धं आयुष्य हे रकाने भरले. माझं माहेर बारवीच्या खोऱ्यातलं, कुणब्याचं घर. त्यामुळे दप्तरात काय लिहितात ते कळत होतं आणि काय राहून जातं तेही. आमच्या गावांची मालमत्ता म्हणजे काय, असं आज कुणी विचारलं तर समोरचा गुंठ्याचा भाव सांगतो. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने खाचरं सांगितली असती, मग वरकस, मग गुरं, मग कुठल्या डोंगराचा पाला आपला आणि कुठला नाही. यातली खाचरं तेवढी नीट लिहिली गेली, म्हणून वाचली. बाकीचं ज्याचं त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याला कचेरीत किंमत नसते.

भाताचं खाचर एकटं पिकत नाही, हे आधी सांगायला हवं. थंडी सरता सरता आमच्याकडे माणसं कवळ तोडायला डोंगरावर जात. ऐन, किंजळ अशा झाडांच्या पाल्याच्या फांद्या छाटायच्या, मोळ्या बांधून खाली आणायच्या, वाळवायच्या. मग राबाच्या जागेवर थर लावायचे: खाली शेण, वर कवळ, त्यावर गवत नाहीतर पातेरा, आणि सगळ्यात वर ढेकळं फोडून केलेली बारीक माती. माती कशाला, तर आग भडकू नये, धुमसत राहावी. पेटवायचंही वाऱ्याची दिशा बघून, वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत जाईल असं. हे राब भाजणं. पहिल्या पावसानंतर त्या राखेत बी पेरायचं आणि रोप हाताएवढं झालं की उपटून चिखळणी केलेल्या खाचरात आवणी. शेण गोळा करणं आणि पातेरा आणणं बायकांकडे, कवळ तोडणं पुरुषांकडे, आणि राब पेटल्यावर पोरांनी मध्ये पळू नये म्हणून ओरडणं म्हाताऱ्यांकडे.

म्हणजे एका खाचरामागे डोंगराचा एक तुकडा लागायचा. तोच वरकस. तिथे नाचणी, वरी व्हायची, मग काही वर्षं जमीन पडून राहायची; पण तिचं खरं काम पाला, गवत आणि चराई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांची मोजणी ठाण्यात आली तेव्हा भातजमिनीवर चांगला आकार बसला आणि वरकसावर अगदी किरकोळ. किरकोळ आकार म्हणजे किरकोळ जमीन, हा समज तेव्हापासूनचा. जेम्स कॅम्पबेलच्या १८८२च्या ठाणे गॅझेटियरात राबाचं वर्णन आहे, चांगलं बारकाईने केलेलं आहे. पण तोवर १८७८चा जंगल कायदा येऊन वनखात्याने डोंगर आखायला सुरुवात केली होती, आणि राबासाठी फांदी तोडणारा कुणबी जंगलाचा नाश करतो असं साहेबांचं म्हणणं होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतका ओरडा झाला की १८८५ साली सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७चा. कुठलं झाड छाटायचं, कुठलं नाही, किती उंचीपर्यंत, यावर या कमिशनने साक्षी घेतल्या. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र अभ्यासच छापला. भाजलेल्या मातीत रोप का चांगलं येतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडण्याइतका गंभीर होता. महसूल खात्याला तो कधी पडला नाही.

गावातली रीत अशी की दरवर्षी तेच झाड छाटायचं नाही. एक वर्ष सोडून, शेंडा राखून. कुठल्या घराने कुठल्या बाजूचा पाला आणायचा ते गावकीत ठरलेलं. भांडणं होत, डोकी फुटत. पण ती फुटलेली डोकी हाच त्या हक्काचा पुरावा होता, कारण नसलेल्या हक्कासाठी कोण भांडेल?

जमिनीची लेखी राखण या मुलखाला नवी नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांचं राज्य. त्या काळी जमीन दान दिली की दगड उभा करीत आणि दान मोडणाऱ्यासाठी त्यावर गाढव कोरीत. चित्र बघितलं की शिवी कळते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. गधेगाळ म्हणतात त्याला. माझ्या नोकरीत मला अनेकदा वाटलं की फेरफार नोंदीखालीही असं एखादं चित्र छापायची सोय हवी होती.

भात पिकलं तरी ते घरात येईलच असं नव्हतं. आमच्या आजोबांची खाचरं त्यांची नव्हती, ते कूळ. मालक कल्याणला. खळ्यावर झोडणी झाली की आधी खंडाचं भात मोजायचं, मग खावटीचं. खावटी म्हणजे श्रावणात घरातलं भात संपल्यावर मालकाकडून किंवा सावकाराकडून पोटापुरतं आणलेलं धान्य. परत करायचं ते दीडीने: एक मण नेलं तर दीड मण. घेण्याची पायली आणि देण्याची पायली वेगळ्या मापाची असते, ही तक्रार आजी मरेपर्यंत करत होती. माथेरानचे भाई कोटवाल वकिलीची सनद असूनही कर्जत भागात धान्याची पेढी काढून बसले होते, ते या दीडीपायीच. शेतकऱ्याला हंगामात उसनं भात मिळालं की सावकाराची पायरी चुकते, इतका साधा हिशेब. लोकांना ते आझाद दस्त्याचे, विजेचे मनोरे पाडणारे क्रांतिकारक म्हणून माहीत आहेत आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते मारले गेले हेही. धान्यपेढीचं कुणी फारसं बोलत नाही. सिद्धगड आमच्यापासून काही लांब नाही.

मग कुळकायदा. कायदा १९४८चा, पण आमच्याकडे तारीख सांगतात ती १ एप्रिल १९५७. त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला गेला. कलम ३२ ग खाली किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली आणि ३२ मचं प्रमाणपत्र मिळालं. ते लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेलं असे. पण सगळ्यांचं असं झालं नाही. ज्याचं नाव पीक पाहणीत लागलेलं होतं तो कूळ ठरला. ज्याचं लागलं नव्हतं त्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं वाऱ्यावर गेलं. हुशार मालक कुळाला एका खाचरात टिकूच देत नसत. यंदा हे, पुढच्या वर्षी पलीकडचं. नोंद कुठेच पक्की होऊ नये म्हणून. कसणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही, कारण त्याला भात तेवढंच मिळत होतं.

आणि कातकरी तर या हिशेबातच नव्हते. खैराचा कात काढणारी ही माणसं. तो धंदा जंगलाबरोबर गेला आणि राहिली मजुरी, वीटभट्टी आणि कोळसा. लग्नासाठी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मालकाकडे राबायचं. अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. आदिवासींची स्थिती बघायला सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन साहेबांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी या गुलामीची नोंद केली. कातकऱ्यांची वाडी बहुधा गावापासून दूर, कुणाच्या तरी वरकसात. वाडीतली तिसरी-चौथी पिढी त्याच चुलीवर रांधत असते आणि सातबारा उघडावा तर घराखालची जमीन भलत्याच्याच नावे. जमिनीला भाव नव्हता तोवर मालकालाही त्याचं काही वाटत नसे. उलट कामाला माणसं जवळ असलेली बरी. भाव आल्यावर वाडी ‘अतिक्रमण’ झाली. हा शब्द मी स्वतः पंचनाम्यात लिहिलेला आहे. नमुन्यात दुसरा शब्द नव्हता.

वरकसाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. १९७५ साली खाजगी वने संपादनाचा कायदा झाला. वरकसावर झाडं होतीच, ती राबासाठीच राखलेली होती. ज्यांनी डोंगर बोडका केला त्यांची जमीन जमीनच राहिली आणि ज्यांनी शेंडा राखून छाटणी केली त्यांच्यातल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर वनाची नोंद चढली. तोवर युरियाची पोती आली होती, राब कमी झाला होता, म्हणून फारसं कुणी भांडलं नाही.

याच मुलखात मालमत्तेची अगदी उलटी गोष्टही घडली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ पडला, बराकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर त्या बराकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कॅम्पांचं नाव उल्हासनगर झालं. या लोकांकडे कागद होते आणि जमीन नव्हती. सक्कर, लारकाना, हैदराबादकडच्या घरादारांचे क्लेम. १९५४च्या कायद्याने त्यांची भरपाई ठरली आणि बराकीतली खोली त्या क्लेमात वळती झाली. चार कोसांवर आमची माणसं जमीन कसत होती आणि कागद नव्हता. बाजारात दोघं समोरासमोर यायची. भाजी विकणारी आमची बाई आणि घेणारी सिंधी बाई भावावरून तासभर हुज्जत घालत, पण जमिनीच्या गोष्टी एकमेकींना कधी सांगितल्या असतील असं वाटत नाही.

नेवाळीला मात्र कागद आणि नांगर यांची थेट गाठ पडली. तिथली जमीन युद्धात धावपट्टीसाठी घेतली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, लोक पुन्हा भात लावू लागले. कागदोपत्री जमीन संरक्षण खात्याची, प्रत्यक्षात दोन-तीन पिढ्यांची वहिवाट. नौदलाने कुंपणभिंतीचं काम काढलं आणि २२ जून २०१७ला हाजीमलंग रस्त्यावर आगी लागल्या, पोलिसांवर दगड आले, गोळीबार झाला. जून महिना म्हणजे पेरणी. शहरातल्या लोकांनी बातम्यांत जाळपोळ पाहिली. आम्हाला दिसलं की आवणीच्या तोंडावर शेतात जायची वाट बंद झाली.

बारवी धरणाचं दुःख माहेरच्या बाजूचं, त्यावर लिहायला लागले तर थांबायची नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला औद्योगिक महामंडळासाठी ते बांधलं आणि पुढे उंची वाढवत नेली. तोंडली, काचकोली ही गावं शेवटच्या वाढीत गेली. घरटी एक नोकरी हे लोकांनी झगडून मिळवलं. पण मोबदला खाचराचा मिळतो, घराचा मिळतो, मोजता येणाऱ्या झाडाचा मिळतो. खळं सगळ्यांचं होतं, ते कुणाच्या यादीत घालायचं?

बहिणींचं मला लिहिलंच पाहिजे. जुन्या सातबाऱ्यात वारस लावताना भाऊ कब्जेदार सदरी आणि बहिणी ‘इतर हक्कात’. त्याच रकान्यात कूळ, सोसायटीचं कर्ज आणि विहिरीतला हिस्सा. महाराष्ट्राने १९९४ला आणि केंद्राने २००५ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तेव्हापासून नावं वर चढू लागली. आणि लगोलग हक्कसोड पत्रं वाढली. बाई माहेराहून साडी आणि दिवाळीचं निमंत्रण घेऊन जायची आणि नाव ठेवून जायची. मीही भावाला हक्कसोड लिहून दिलं. नोंद घालणारा माझ्याच बरोबरचा तलाठी. तो म्हणाला, ‘ताई, तुम्हीसुद्धा?’ मी म्हटलं, ‘मला पेन्शन आहे, त्याला नाही.’ हे खरं होतं. दिवाळीला जायचं होतं हेही खरं होतं.

आता भाव असा की कुळकायद्याच्या जमिनीवरचा, परवानगीशिवाय ती विकू न देणारा कलम ४३चा शेरा उठवायलाही कुणी बिचकत नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झालेली असली की आकाराच्या चाळीस पट भरायचे आणि जमीन विकायला मोकळी. आकार दोन-चार रुपये. चाळीस पट म्हणजे मित्रांबरोबरच्या एका चहाफराळाचा खर्च. वरकसाचा जो किरकोळ आकार शंभर-दीडशे वर्षं हिणवत आला, तोच आता बिल्डरच्या सोयीचा झाला. पीक पाहणीही २०२१पासून शेतकऱ्याने मोबाईलवर स्वतः करायची असते, त्यामुळे बांधावर उभं राहून ‘हे कोण लावतं?’ विचारणारा माणूस राहिला नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी बदलापूरजवळच्या एका गावातले दोन भाऊ माझ्याकडे आले. शेजाऱ्याच्या बांधावर त्यांचं जांभळाचं झाड होतं. जमीन शेजाऱ्याची, झाड यांचं, आजोबांपासून; शेजाऱ्याला पहिल्या उतरवणीतली पाटीभर जांभळं. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा नव्हतं, पण भाव होता. शेजाऱ्याने जमीन विकली आणि डोंबिवलीच्या खरेदीदाराने तारेचं कुंपण घातलं. ‘ताई, झाडाची नोंद काढून द्या.’ मी फेरफाराची जुनी पुस्तकं शोधली, इतर हक्क पाहिले. काही नव्हतं. तसं सांगितलं, तर मोठा भाऊ म्हणाला, ‘मग शेजाऱ्याला आम्ही पाटी देत होतो ती कशाबद्दल?’ शेवटी गावकीने खरेदीदाराला बोलावलं. तो बिचारा सरळ माणूस, त्याला फार्महाऊस बांधायचं होतं, वैर नको होतं. झाड ठेवायचं, जांभळं यांनी उतरवायची आणि पहिल्या उतरवणीतली पाटी आता त्याला द्यायची, असं ठरलं. कागद करा म्हणून मी सुचवलं. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि धाकटा म्हणाला, ‘कागद केला तर तो वकिलाला दाखवेल.’