गुडघेदुखीवरील मज्जातंतू-उपचार

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, सांध्याकडून मेंदूकडे जाणारी वेदनेची वर्दी वाटेतच अडवणाऱ्या किंवा क्षीण करणाऱ्या उपचारांचा गट. मज्जातंतूंच्या बारीक शाखा उष्णतेने निकामी करणे, त्या गोठवणे, रसायनाने बधिर करणे आणि वेदनावहनावर काम करणारी औषधे देणे हे सगळे यात येते. बोलण्यात लोक याला ‘नस जाळणे’ किंवा ‘नस बंद करणे’ म्हणतात. हा उपचार दुखण्यावर आहे, झिजेवर नाही. त्याने कूर्चा भरून येत नाही आणि बाक आलेला पाय सरळ होत नाही. रुग्णाला हे पहिल्याच भेटीत नीट सांगितले, तर पुढची बरीच निराशा टळते.

गरज : गुडघेदुखीचा रुग्ण बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी मलम आणि शेक, मग गोळ्या, मग सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि शेवटी सांधेबदल. या वाटेवर मध्येच अडकून पडणारे पुष्कळ असतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत. स्टेरॉइडचा गुण काही आठवड्यांत ओसरतो. हृदयविकारामुळे किंवा ताब्यात नसलेल्या मधुमेहामुळे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तर पन्नाशीच्या आतबाहेरच्या रुग्णाला कृत्रिम सांधा इतक्या लवकर बसवू नये असे डॉक्टरच सुचवतात. शिवाय सांधा बदलल्यावरही सुमारे पाचातल्या एका रुग्णाचे दुखणे रेंगाळते. मज्जातंतूंवरचे उपचार मुख्यतः अशा अडकलेल्या माणसांसाठी आहेत.

शरीररचना : कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याचे अस्तर, कूर्चेखालचे हाड, हाडावरचे आवरण, सांध्याची पिशवी आणि वाटीखालची चरबीची गादी. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी क्ष-किरण चित्रावरून झिजेच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. पण चित्रातली पायरी आणि रुग्णाचे दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. ‘गॅप संपला’ असे सांगितलेली बाई शेतात दिवसभर राबते आणि जेमतेम दुसऱ्या पायरीवरचा माणूस रात्री कूस बदलताना कण्हतो. अशा वेळी वेदना कुठून निघते आणि कोणत्या वाटेने जाते हे पाहावे लागते.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत एक नियम मांडला : जो मज्जातंतू सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जातो, तोच त्या सांध्याला आणि वरच्या त्वचेलाही शाखा देतो. गुडघ्याला हा नियम चपखल लागू पडतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा फीमोरल, आतल्या बाजूचा ऑब्च्युरेटर आणि मागून येणाऱ्या सायटिक मज्जातंतूचे दोन फाटे या सगळ्यांच्या शाखा गुडघ्याभोवती पोहोचतात. त्यांतल्या सांध्याला वेढणाऱ्या शाखांना जेनिक्युलर मज्जातंतू म्हणतात. उपचारासाठी यांतल्या तीन निवडल्या जातात : वरची आतली, वरची बाहेरची आणि खालची आतली. जिथे हाडाचा सरळ दांडा संपून टोकाचा फुगीर भाग सुरू होतो, तिथे या शाखा हाडाला लगटून जातात, म्हणून सुईला हाडाची खूण मिळते. चौथी, खालची बाहेरची शाखा सहसा सोडून देतात. पाऊल वर उचलणारा मज्जातंतू तिथून अगदी जवळून जातो. त्याला इजा झाली तर पाऊल लोंबकळते, आणि गुडघेदुखी घालवण्यासाठी ती किंमत कोणी मोजू नये.

रेडिओफ्रिक्वेन्सी : या गटातला सर्वाधिक अभ्यासलेला उपचार. आधी चाचणी म्हणून तिन्ही ठिकाणी थोडे भुलीचे औषध सोडतात. पुढचे काही तास रुग्णाने नेहमीची कामे करायची, जिना चढायचा-उतरायचा, खाली बसून उठायचे, आणि दुखणे किती कमी झाले ते टिपायचे. निम्म्याहून अधिक उतार पडला तर पुढे जायचे, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र या चाचणीने योग्य रुग्ण खरोखर निवडले जातात का, हा वाद मिटलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चाचणी केलेल्या आणि न केलेल्या गटांच्या निकालांत फरक पडला नाही.

प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी रुग्ण उताणा झोपतो आणि गुडघ्याखाली उशी देऊन पाय किंचित वाकवलेला असतो. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मांडीचे हाड आणि नडगी दिसत असतात. डॉक्टर त्वचा बधिर करतात आणि सुई हाडाला टेकेपर्यंत नेतात. मग यंत्र बाजूने फिरवून टोक हाडाच्या जाडीच्या मध्यावर आले का ते पाहतात. काही ठिकाणी हेच काम सोनोग्राफीवर होते. तिथे मज्जातंतूच्या सोबतीने धावणारी बारीक रोहिणी धडधडताना दिसते आणि तीच खूण धरतात. सुईतून इलेक्ट्रोड घातल्यावर ५० हर्ट्झचा सौम्य प्रवाह सोडतात. अशा वेळी रुग्ण चटकन म्हणतो, “हां, इथंच! जिना उतरताना असंच दुखतं.” सुई जागेवर आहे याची ही खूण. लगेच २ हर्ट्झवर पुन्हा तपासतात. पोटरी किंवा पाऊल उडाले तर सुई हलवायची, कारण जवळपास स्नायूंचा मज्जातंतू आहे. दोन्ही तपासण्या पार पडल्या की भूल देऊन उष्णता सुरू होते. पडद्यावरचा आकडा ३७ वरून सरकत ८० अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि ६० ते ९० सेकंद तिथे ठेवतात. सुई स्वतः तापलेली नसते. तिच्या टोकाशी प्रवाह वेगाने दिशा बदलतो, तसे उतीतले आयन पुढेमागे हलतात आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. आठवडा-दोन आठवडे जागा ठणकते आणि खरा उतार त्यानंतर जाणवतो.

शीत रेडिओफ्रिक्वेन्सीत इलेक्ट्रोडच्या आतून पाणी खेळवतात. त्यामुळे टोकालगतची उती करपत नाही, उष्णता दूरवर पोहोचते आणि मोठा गोल भाग निकामी होतो. मज्जातंतूंच्या जागा माणसागणिक थोड्या बदलतात, तेव्हा मोठ्या गोलात ते सापडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यासाठी या पद्धतीला २०१७ मध्ये मान्यता दिली. स्पंदित पद्धतीत तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे मज्जातंतू जळत नाही, पण गुडघ्यासाठी तिचा पुरावाही तुटपुंजा आहे.

पुरावा : २०११ मध्ये दक्षिण कोरियातील चोई आणि सहकाऱ्यांनी ३८ वृद्ध रुग्णांवर केलेल्या चाचणीमुळे हा उपचार जगभर पसरला. उपचार घेतलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांचे दुखणे १२ आठवड्यांनंतर निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होते. २०१८ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १५१ रुग्णांवर शीत पद्धतीची तुलना सांध्यातल्या स्टेरॉइडशी केली. सहा महिन्यांनंतर एवढाच उतार पहिल्या गटात ७४.१ टक्क्यांना होता, तर दुसऱ्यात १६.२ टक्क्यांना. हे आकडे जाहिरातींत हमखास दिसतात. पण सहा महिन्यांत स्टेरॉइडचा गुण तसाही उरत नाही, आणि रुग्णांना आपण कोणता उपचार घेतला हे ठाऊक होते, ही बाब त्यांच्यासोबत क्वचितच सांगितली जाते. थायलंडमध्ये ६४ रुग्णांवर खऱ्या आणि लटक्या उपचाराची तुलना झाली आणि ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गट सुधारले, पण त्यांच्यात फरक दिसला नाही. तिथे दोन्ही गटांना भूल आणि स्टेरॉइड मिळाले होते, म्हणून तो निकालही अंतिम मानता येत नाही. सांधेबदलाच्या आधी मज्जातंतू निकामी केले तर शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कमी होईल ही आशा २०१९ च्या अभ्यासात फोल ठरली. सगळे पुरावे एकत्र पाहता नीट निवडलेल्या रुग्णाला काही महिन्यांचा उतार मिळू शकतो, एवढे म्हणणे रास्त आहे. ‘गुडघेदुखी कायमची बंद’ असा फलक लावणे रास्त नाही.

उतार कायम न टिकण्याचे कारण शरीरातच आहे. मज्जातंतू पुन्हा वाढतो. सहा महिने ते वर्षभरात दुखणे परतू शकते आणि मग उपचार पुन्हा करता येतो. दुखणे फार जुने असेल, तर मज्जारज्जू आणि मेंदूही अधिक संवेदनशील झालेले असतात. सगळे अंग दुखणाऱ्या, झोप उडालेल्या रुग्णाला केवळ गुडघ्यापाशी वाट अडवून पुरेसा आराम पडत नाही.

धोके एकूण कमी आहेत, पण ते नाहीतच असे नाही. सोबतच्या रोहिणीतून रक्तस्राव, त्वचेचा बधिरपणा आणि क्वचित जंतुसंसर्ग होऊ शकतो. कृश रुग्णाच्या नडगीच्या आतल्या बाजूला त्वचा आणि हाड यांत अंतरच नसते, तिथे त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगायला हवे.

गोठवणे आणि रसायने : क्रायोन्यूरोलिसिसमध्ये बंद टोकाच्या बारीक सुईत नायट्रस ऑक्साइड वायू प्रसरण पावतो आणि टोकाशी बर्फाचा गोळा तयार होतो. वाटीखालच्या त्वचेकडे जाणाऱ्या सॅफेनस मज्जातंतूच्या शाखेवर हा उपचार करतात. आतला तंतू मरतो, पण बाहेरचे आवरण शाबूत राहते आणि त्याच वाटेने तंतू दिवसाला साधारण एक ते दोन मिलिमीटर वाढत परततो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या चाचणीत ९० दिवसांपर्यंत गुण दिसला. फिनॉल आणि अल्कोहोल स्वस्त आहेत, पण द्रव कुठवर पसरेल यावर ताबा राहत नाही.

औषधे : मिरचीतल्या कॅप्सेसिनचे मलम वेदनेच्या तंतूंच्या टोकांना आधी चेतवते आणि नियमित लावल्यावर मंद करते. ते तंतूंवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करते त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. मलम लावलेला हात डोळ्याला लागू देऊ नये. ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध मज्जारज्जूतून वेदना दाबणाऱ्या यंत्रणेला बळ देते आणि दीर्घकालीन गुडघेदुखीसाठीही वापरले जाते.

सगळ्यांत बोलका इतिहास टॅनेझुमॅबचा. रीता लेव्ही-मॉन्तालचिनी यांनी शोधलेला, मज्जातंतूंची वाढ करणारा घटक संधिवातात वेदना वाढवतो. त्याला निष्प्रभ करणारे हे प्रतिपिंड होते. २०१० मध्ये गुडघ्यावरचे सुरुवातीचे निकाल थक्क करणारे आले. त्याच वर्षी काही रुग्णांचे सांधे झपाट्याने नष्ट होत असल्याचे दिसले आणि अमेरिकेत चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि त्याच वर्षी औषध बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याचा विकास बंद केला. सांध्याचे दुखणे घालवणे आणि सांधा वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या औषधाने महागात शिकवले. मोजक्या शाखा निकामी केल्याने सांधा असा वेगाने ढासळतो असे दिसलेले नाही, तरी दीर्घकाळ लक्ष ठेवायला हवे.

त्वचेवर पट्ट्या चिकटवून मुंग्या आणणारे टेन्स यंत्र आपल्याकडच्या फिजिओथेरपी केंद्रांत सर्रास दिसते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने गुडघ्यासाठी ते वापरू नये अशी ठाम शिफारस केली. त्याच मार्गदर्शिकेत रेडिओफ्रिक्वेन्सीला सशर्त, तर व्यायाम आणि वजन घटवणे यांना ठाम पाठिंबा आहे.

भारतात : पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कॉपकॉर्ड सर्वेक्षणाने सांधे-स्नायूंची दुखणी ग्रामीण महाराष्ट्रात किती पसरलेली आहेत हे दाखवून दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि शस्त्रक्रिया अनेकांच्या आवाक्यात आली. मज्जातंतूंवरचे उपचार मात्र मुख्यतः मोठ्या शहरांतल्या पेन क्लिनिकांत होतात. मांडी घालून बसणे, उकिडवे बसून काम करणे आणि भारतीय पद्धतीचा संडास ही आपल्या रुग्णांची रोजची कसोटी आहे. परदेशी चाचण्यांच्या प्रश्नावल्या मुख्यतः चालणे, जिना आणि खुर्ची यांभोवती फिरतात, म्हणून त्यांतले टक्के इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

उतार पडलेले महिने मांडीचे स्नायू बळकट करण्यात आणि वजन कमी करण्यात घालवले, तरच या उपचाराचा पुरता उपयोग होतो. उपचार ठरवण्याआधी रुग्णाने डॉक्टरांना विचारावे : कोणत्या शाखांवर उपचार करणार, चाचणीचे इंजेक्शन आधी देणार का, उतार किती महिने अपेक्षित आहे, पुन्हा करावे लागले तर खर्च किती, आणि सोबत व्यायाम कोण शिकवणार. याची सरळ उत्तरे मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.