डेल्टिकचा निरोप

२ जानेवारी १९८२. एडिंबराहून परतलेल्या विशेष गाडीसाठी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर गर्दी लोटली होती. ब्रिटिश रेल्वेच्या सेवेतील ‘डेल्टिक’ वर्गाच्या डिझेल इंजिनांची ही अखेरची प्रवासी फेरी.

या दृश्यात एक विसंगती आहे. १९६१-६२ मध्ये आलेल्या अवघ्या २२ डेल्टिकनी याच मार्गावरची ५५ वाफेची इंजिने घरी बसवली. वाफेच्या चाहत्यांच्या लेखी डिझेल म्हणजे खलनायक! वीस वर्षांत त्याच खलनायकासाठी डोळे ओलावले.

वाफ नाही, दांड्यांची लय नाही. मग हळहळ कशाची? आमच्या मते, आवाजाची. नेपियर कंपनीची, मुळात नौदलाच्या वेगवान नौकांसाठीची दोन यंत्रे. प्रत्येकी १८ सिलिंडर, त्रिकोणी मांडणी, एकूण ३३०० अश्वशक्ती. त्यांची घरघर इतर कोणत्याही इंजिनासारखी नव्हती. १९९६ मध्ये ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’ हे जतन केलेले डेल्टिक मुख्य मार्गावर सहलगाड्या ओढू लागले, तेव्हा रुळांकडेला उभ्या राहिलेल्यांना पाहण्याइतकेच ऐकायचेही होते.

डेल्टिकना हटवणाऱ्या ‘इंटरसिटी १२५’ गाड्यांनाही २०१९ मध्ये याच मार्गावर निरोपाची फेरी मिळाली. त्याही डिझेलच्याच.