पाच फुटांवरची पट्टी

ढाक्याच्या संसदभवनाचे छायाचित्र नीट न्याहाळले, तर राखाडी काँक्रीटच्या भिंतीत साधारण दर पाच फुटांवर पांढऱ्या संगमरवराची आडवी पट्टी दिसते. बहुतेकांना ती नक्षी वाटते. मुळात तो कामाचा हिशेब आहे. एका वेळी जेवढे काँक्रीट ओतून होई तेवढी उंची पाच फुटांची. आदल्या दिवशीचे सुकलेले आणि दुसऱ्या दिवशीचे ओले काँक्रीट जिथे भेटते, तिथला सांधा कितीही जपले तरी स्वच्छ येत नाही. लुई कान यांनी तो घासून लपवण्याचा हट्ट धरला नाही. सांधा येणारच, हे धरून त्यांनी नकाशातच त्याला जागा दिली आणि वर संगमरवर बसवला.

बांधकामाचा दर्जा म्हटले की आज तपासणीचे तक्ते, प्रमाणपत्रे, सल्लागारांच्या सह्या आठवतात. आयएसओ ९००० ही मानकांची मालिका १९८७ची. कान यांना ढाका आणि अहमदाबाद ही दोन्ही कामे १९६२च्या सुमारास मिळाली. त्यांचे दर्जाविषयीचे मत कागदावर शोधण्यापेक्षा त्यांच्या भिंतींत शोधावे, असे मला वाटते.

त्याआधी कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत त्यांच्या हाताशी निष्णात कारागीर होते. तिथे साच्याच्या फळ्यांमधले सांधे आणि साचा आवळणाऱ्या सळ्यांची भोके त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली. भोकांत शिशाची बुचे बसवली. साचा काढल्यावर भिंतीवर वेगळा हात फिरवायचा नाही, असा दंडक होता. म्हणजे जी काही काळजी घ्यायची ती ओतण्याआधीच. ढाक्यात ते कौशल्य गृहीत धरता येत नव्हते, म्हणून नियम बदलला. साध्या हातांनी केलेले कामही चांगले दिसेल अशी रचना करणे हीच आर्किटेक्टची जबाबदारी, असा त्याचा अर्थ मी लावतो. गवंड्याला दोष देण्याआधी नकाशाला प्रश्न विचारणारी ही दृष्टी दुर्मीळच.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. इथे साहित्य वीट. रुंद खिडक्यांवर विटांच्या बसक्या कमानी, आणि त्यांची टोके बाहेर फाकू नयेत म्हणून खाली काँक्रीटचा ताण घेणारा पट्टा. वीट आणि काँक्रीट यांनी एकमेकांची उणीव भरून काढायची, ही कल्पना. कुठेही गिलावा नाही. प्रत्येक दर्ज डोळ्यांसमोर असल्याने गवंड्याला चूक झाकता येत नाही. दर्जा राखण्याची याहून कडक पद्धत नसेल. पण गिलावा नसला की पावसाला अडवणारा थरही नसतो. वीट पाणी पिते, ओल आतल्या सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि वीट आतूनच तडकते. प्रामाणिक भिंतीची ही किंमत, आणि ती तीस-चाळीस वर्षांनी भरावी लागते.

ही किंमत वाढताना कान हयात नव्हते. १७ मार्च १९७४ रोजी, अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्यांचा मृत्यू झाला. संकुलाचे पुढचे काम अनंत राजे यांनी सांभाळले. मुंबईच्या जे.जे.त शिकलेले आणि कान यांच्या फिलाडेल्फियातल्या कार्यालयात काम केलेले राजे यांच्यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, हे जाता जाता नोंदवतो.

२००१च्या भूकंपात इमारतींना तडे गेले. डिसेंबर २०२०मध्ये संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचे जाहीर केले. जगभरातून विरोध झाल्यावर जानेवारी २०२१मध्ये निर्णय मागे घेतला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ती माघारही मागे घेतली. दिलेल्या कारणांत विटा दुय्यम प्रतीच्या असल्याचे कारण होते. मला ते अपुरे वाटते. वीट दुय्यम असेल, तर ती पारखून स्वीकारणारे कोण होते? आणि गळती पहिल्यांदा दिसली तेव्हापासून दुरुस्तीवर दरवर्षी किती खर्च झाला? व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेला हे प्रश्न अवघड नसावेत. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही; डोक्यावर ढासळणारी वीट वारसा म्हणून सोसा, असे कुणी म्हणू नये. पण भट्टीवाला आणि गवंडी आज उत्तर द्यायला नाहीत, म्हणून सगळा दोष त्यांच्या खात्यावर टाकणे सोपे जाते.

त्याच आवारातले, त्याच काळातले विक्रम साराभाई ग्रंथालय ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने दुरुस्त केले. तडकलेले विटकाम, गंजलेले लोखंड, गळणारी छते हे सगळे दुखणे तिथेही होते. त्या कामाला २०१९मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. वसतिगृहे पाडण्याची घोषणा त्यानंतर वर्षभराने झाली.