फुटबॉल स्टेडियम, कनिष्ठ श्रेणीच्या क्लबचे

राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या किंवा त्याखालच्या श्रेणीत खेळणाऱ्या व्यावसायिक क्लबच्या घरच्या सामन्यांसाठी बांधलेले मध्यम आकाराचे मैदान. प्रेक्षकक्षमता सामान्यतः तीन ते दहा हजार. अशा स्टेडियमच्या नियोजनात जागेची मालकी व आरक्षण, मैदानाची जडणघडण, प्रेक्षागॅलऱ्या, सुरक्षितता आणि वर्षभराचा वापर यांचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रातील क्लब प्रायः शासकीय, महापालिकेच्या किंवा फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर खेळत आले आहेत. त्यामुळे येथील अनुभव नव्या बांधकामापेक्षा जुन्या मैदानांच्या नूतनीकरणातून आलेला आहे.

श्रेणीरचना : आय-लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि तिची द्वितीय श्रेणी २००८ मध्ये. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आली. २०२२–२३ च्या मोसमापासून आय-लीग ही देशातील दुसरी श्रेणी ठरली. तिच्याखाली आय-लीग २ आणि २०२३ मध्ये आय-लीग ३ आली. आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब-परवाना पद्धतीत क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदा आणि वित्त असे पाच निकषगट आहेत. स्टेडियम क्लबच्या मालकीचे असलेच पाहिजे अशी अट नाही. मैदान वापरण्याचा लेखी करार पुरतो.

कूपरेज व मुंबईतील क्लब : दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाजवळ असलेले कूपरेज हे पश्चिम भारतातील फुटबॉलचे एक जुने नांदते केंद्र. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने दीर्घकाळ येथे झाले. हा चषक १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने जिंकला आणि तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद पोलीस संघाकडे राहिला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २००८ ची द्वितीय श्रेणी जिंकून वर आला. परंतु कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना त्याला घरचे सामने सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या पुण्यातील बालेवाडीत खेळावे लागले. घरचा सामना दुसऱ्या शहरात गेला की लोकलने येणारा प्रेक्षक तुटतो. क्लबचे उत्पन्न आणि ओळख यांचे त्यात झालेले नुकसान कोणत्याही ताळेबंदात वेगळे दिसत नाही.

जागतिक फुटबॉल महासंघाच्या भारतविषयक विकास कार्यक्रमातून कूपरेजवर कृत्रिम हिरवळ बसवण्यात आली आणि क्लब तेथे परतला. २०१७ मध्ये तो आय-लीगमधून खाली घसरला व त्यानंतर बंद पडला. पुढे केंकरे या क्लबने आय-लीगमधील घरचे सामने याच मैदानावर खेळले. तोही २०२२–२३ अखेर खालच्या श्रेणीत गेला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स हे तिन्ही व्यावसायिक संघ काही वर्षांत मिटले. एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला. क्लब गेले तरी बालेवाडी व कूपरेज वापरात राहिले. म्हणून एका क्लबच्या मोसमापुरते आखलेले स्टेडियम महाराष्ट्रात अपुऱ्या विचाराचे ठरते. शाळा, जिल्हा लीग, महिला संघ आणि पुढे येणारा एखादा दुसरा क्लब यांची सोय आराखड्यातच हवी.

अंधेरी, बालेवाडी, कोल्हापूर : अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील मैदान २०१६ मध्ये फुटबॉलसाठी नव्याने सज्ज झाले. ३ सप्टेंबर २०१६ रोजी भारताने तेथे पोर्तो रिकोचा ४–१ असा पराभव केला. प्रेक्षकक्षमता सुमारे सात हजार असल्याने कनिष्ठ श्रेणीच्या क्लबला आदर्श म्हणून हेच उदाहरण जवळचे आहे. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर बसतो. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ खेळतात. तेथील गर्दी पेठापेठांच्या निष्ठेतून येते.

जागा व आरक्षण : खेळाचे क्षेत्र १०५ × ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. कडेची मोकळी जागा धरून सुमारे १२५ × ८५ मीटर, म्हणजे अडीच एकरांहून थोडे अधिक क्षेत्र लागते. पाच हजार प्रेक्षकांच्या गॅलऱ्या, कपडे बदलण्याच्या खोल्या, वाहनतळ आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाचे मार्ग मिळून ही गरज त्याच्या दुपटीच्या पुढे जाते.

नागरी भागात एवढी सलग जमीन मुख्यतः विकास आराखड्यातील आरक्षणातूनच मिळू शकते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील तीन कलमे येथे महत्त्वाची आहेत. कलम १२६ नुसार आरक्षित जमीन वाटाघाटीने, हस्तांतरणीय विकास हक्काच्या मोबदल्यात किंवा भूसंपादनाने घेता येते. अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. कलम ३७ मध्ये आराखड्यात किरकोळ फेरबदलाची तरतूद असून त्यासाठी हरकती-सूचना मागवून शासनाची मंजुरी घ्यावी लागते. ‘खेळाचे मैदान’ आणि ‘स्टेडियम’ किंवा ‘क्रीडा संकुल’ ही आरक्षणे एक नव्हेत. पहिल्यावर गॅलरी व दुकाने उभारायची झाल्यास बांधकामाच्या मर्यादा आड येतात. आरक्षणाचे शीर्षक आधी तपासले नाही, तर वास्तुविशारदाचे पुढचे सगळे काम वाया जाते.

उल्हास खोरे : जागेच्या या अडचणी उल्हास नदीच्या खोऱ्यात एकत्र दिसतात. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग पट्ट्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९.३ लाख होती. तरीही हा पट्टा एक महापालिका व दोन नगरपरिषदा यांत विभागलेला आहे. एका क्लबचा प्रेक्षक तिन्ही शहरांतून येणार आणि खर्च मात्र एकाच संस्थेच्या अंदाजपत्रकात पडणार, अशी ही रचना आहे. उल्हासनगर १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांसाठी वसले. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या दाट वस्तीत तेथे सलग मोकळी जागा काढणे कठीण आहे. अंबरनाथमधील आयुध निर्माणीच्या जमिनी केंद्राच्या अखत्यारीत आहेत. अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावसारख्या भागात गृहसंकुले उभी राहत आहेत. तेथे मैदानाची जागा वस्ती पूर्ण होण्याआधीच निश्चित होणे आवश्यक आहे. नंतर रस्ता रुंद करणे आणि रात्रीच्या प्रकाशझोताला शेजाऱ्यांची संमती मिळवणे, दोन्ही अवघड होतात.

उल्हास नदीकाठची जमीन स्वस्त व मोकळी दिसते, पण तेथे पुराचा धोका असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती. राज्यात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत इमारतीला जागा नाही. सरावाचे मोकळे मैदान तेथे चालू शकते, मात्र गाळ काढण्याचा खर्च दरवर्षीचा धरावा लागतो.

मैदान : स्टेडियममधील सर्वांत महत्त्वाचा आणि अंदाजपत्रकात सर्वप्रथम कात्री लागणारा भाग. कोकणपट्टीत बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. तासाला ५० मिलिमीटर पावसात एका मैदानावर साडेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी साचते. म्हणून नैसर्गिक हिरवळीखाली वाळूप्रधान मातीचा २५ ते ३० सेंटिमीटरचा थर, त्याखाली खडीचा थर आणि साधारण पाच मीटर अंतरावर सच्छिद्र नळ्या घालतात. भरावाच्या मातीवर थेट गवत लावल्यास पहिल्या पावसाळ्यात मैदान खचते आणि गोलसमोरचा भाग चिखलाचा होतो. उन्हाळ्यात उलट स्थिती असते. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी सुमारे ३६ हजार लिटर लागते. टंचाईच्या शहरात हे पाणी पिण्याच्या योजनेतून घेता येत नाही. त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जोडणी आराखड्यातच असावी.

कृत्रिम हिरवळीवर रोज अधिक तास खेळता येते व ती पावसात टिकते. मात्र एप्रिल-मे मध्ये पृष्ठभाग फार तापतो. आठ ते बारा वर्षांनी ती बदलावी लागते. दुखापतींविषयीच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. जागतिक महासंघाचे ‘क्वालिटी प्रो’ प्रमाणपत्र १२ महिने व ‘क्वालिटी’ प्रमाणपत्र ३६ महिने वैध असते. फेरचाचणीचा खर्च क्लब व मैदानमालक यांच्यापैकी कोणी करायचा, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. मैदानाचा लांब अक्ष उत्तर–दक्षिण ठेवतात, म्हणजे संध्याकाळच्या सामन्यात गोलरक्षकाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही.

प्रेक्षागॅलऱ्या : पुढच्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून दिसण्यासाठी दृष्टिरेषेतील उंचीचा फरक ९० मिलिमीटर ठेवणे चांगले, ६० हा किमान. छोट्या स्टेडियममध्ये पश्चिमेची एकच छताची गॅलरी आधी बांधणे श्रेयस्कर. तिच्या पोटात खोल्या, स्वच्छतागृहे व भाड्याने देण्याचे गाळे सामावतात. महिला प्रेक्षकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे ही गोष्ट जुन्या मैदानांवर सर्रास दुर्लक्षित राहिली आहे.

प्रकाशयोजना : युरोपीय मानकानुसार सरावाला ७५, क्लब पातळीवर २०० आणि उच्च पातळीच्या सामन्यांना ५०० लक्स.

सुरक्षितता : १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यातील ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याच्या वाटांचा हिशेब सोपा आहे आणि तो टाळण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही. ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार जिन्यावरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसे उतरतात. पाच हजारांना आठ मिनिटांत बाहेर काढायचे, तर जिन्यांची एकूण रुंदी साडेनऊ मीटर लागते. एखादा जिना बंद पडला तरी उरलेल्यांवर भागले पाहिजे. सामन्याच्या दिवशी एकही दार कुलूपबंद नसावे.

खर्च व टप्पे : कनिष्ठ श्रेणीच्या क्लबचे तिकीट-उत्पन्न स्टेडियमचे कर्ज फेडण्याइतके नसते. इंग्लंडमध्ये समर्थकांच्या मालकीच्या एएफसी विम्बल्डनने नऊ हजारांवर प्रेक्षकक्षमतेचे प्लाउ लेन स्टेडियम २०२० मध्ये उघडले. तेथे जागेच्या विकासात घरबांधणीही होती. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या लाकडी स्टेडियमला २०१९ मध्ये प्राथमिक नियोजन-मंजुरी मिळाली, पण पुढील कित्येक वर्षांत ते उभे राहिले नाही. महाराष्ट्रात भांडवली खर्च सार्वजनिक संस्थेचा व वापर भाडेकराराने, हीच पद्धत व्यवहार्य आहे. करार निदान दहा मोसमांचा असावा. क्लब खाली घसरला किंवा बंद पडला, तर मैदान कोण सांभाळणार याचे कलम त्यात असावे. टप्प्यांचा क्रम मैदान व निचरा, एक गॅलरी, दिवे, मग उरलेल्या गॅलऱ्या असा ठेवतात. सिडकोने खारघरच्या फुटबॉल केंद्रात हाच क्रम धरला असून तेथे आधी सरावाची मैदाने तयार झाली आणि मोठे स्टेडियम पुढच्या टप्प्यात ठेवण्यात आले.