सास्तूरहून मिरजेला, डोळ्यासाठी

लातूरला रेल्वे आली १९११ साली. त्यानंतरचा कुठलासा हिवाळा आहे आणि तुम्ही सास्तूरचे, साठीतले शेतकरी आहात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उभी ज्वारी नुसती पिवळट दिसते; कणसात दाणा भरलाय का, ते बोटांनी चाचपून बघावं लागतं.

सुईवाला वैदू गावात येऊन गेलाय. तो सुई खुपसून मोती डोळ्यातच खाली ढकलतो. चार दिवस दिसतं, मग पुष्कळदा पू होतो. भावकीतल्या एकाचा डोळा तसाच गेला. मुलगा म्हणतो, "बाबा, मिरजंला जाऊ. वानलेस सायबाकडं."

तेरणा नदी उतरून बैलगाडीनं लातूर. तिथं निजामाचे हाली रुपये मोडून इंग्रजांचे कलदार घ्यायचे. मग बार्शी लाईटची अडीच फुटी रुळांवरची गाडी : येडशी, बार्शी, कुर्डुवाडी. पुढं मोठ्या गाडीनं पुणं आणि तिथून पुन्हा खाली मिरज. पंढरपूरहून थेट मिरजेला रूळ पडायला १९२७ उजाडायचंय.

विल्यम वानलेस १८६५ साली कॅनडात जन्मले, १८८९ साली मिशनतर्फे इकडं आले. मिरजेचं हॉस्पिटल १८९४ सालचं. पोट, हाडं, डोळे, सगळ्यांवर शस्त्र चालवणारा हा एकच हात. हॉस्पिटलनंतर तीन वर्षांत त्यांनी इथल्याच पोरांसाठी वैद्यकीय शाळाही काढली, आणि मला त्यांचं हेच काम सगळ्यांत मोठं वाटतं.

ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही जागेच असता. डोळ्यात कोकेनचे थेंब पडतात, डोळा बधिर होतो. पापण्या तारेच्या चापानं उघड्या धरलेल्या. पायाकडं बघायला सांगतात. बारीक, अरुंद पातं बुबुळाच्या एका कडेनं आत शिरून दुसरीकडून निघतं आणि वर सरकत अर्धगोल कापतं. दुखत नाही, दाब तेवढा कळतो. मग हलक्या दाबानं मोती बाहेर सरकतो, मसुरीच्या दाण्यासारखा. काही मिनिटांचं काम.

अवघड ते पुढं. जखमेला टाका नाही, म्हणून दोन्ही डोळे बांधून कित्येक दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, मान वळवायची नाही. घास मुलगा भरवतो.

जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आल्यावर उंबरा उगाचच जवळ भासतो, तुम्ही अडखळता. शेजारची म्हातारी काठी टेकत विचारायला येते. तुम्ही तिला बसवता.

"सुईवाल्याला डोळ्याला हात लावू देऊ नको, काकू. आधी मिरजंला जा. मी सांगतो कसं जायचं ते."