पत्ते हातात का नाचतात? गंजिफा ते कार्डिस्ट्री

१/ पत्त्यांचा कॅट एका हाताने कापणे, बोटांवर फिरवणे, पंख्यासारखा उलगडणे, या कलेला आज कार्डिस्ट्री म्हणतात. तीत डाव नसतो, हार-जीत नसते. संगमनेरमधला एखादा मुलगाही ती मोबाईलवर पाहून शिकू शकतो. महाराष्ट्रातील जुन्या गंजिफांवर मात्र ती जवळपास अशक्य आहे. असे का?

२/ या कलेचा पहिला धडा म्हणजे शार्लिये कट. १९व्या शतकात लंडनमध्ये वावरलेल्या एका जादूगाराच्या नावाने तो ओळखला जातो. कॅट लांब कडांनी बोटांच्या टोकांवर धरायचा. अंगठा सैल करताच खालचा अर्धा भाग तळहातावर पडतो. तर्जनीने त्याची कड अंगठ्याकडे ढकलली, की वरचा भाग त्याच्याखाली उतरतो. पानाची सरळ कड येथे बिजागरीचे काम करते.

३/ गंजिफांचे पान बहुधा गोल; त्याला अशी कडच नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफांत ८ रंग व ९६ पाने असत. दशावतारी गंजिफांत विष्णूच्या अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०.

४/ प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. राजा-प्रधानांनंतर पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डावाची सुरुवात रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. हुकूम नाही, गेलेले प्रत्येक पान ध्यानात ठेवणे हेच खरे कसब.

५/ कागद वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा लेप द्यायचा. असे पान वाकवून पिसता येत नाही. म्हणून पाने चादरीवर उपडी पसरून दोन्ही हातांनी मिसळतात.

६/ छापील ५२ पानांचा स्वस्त कॅट आला आणि गंजिफा मागे पडल्या. सावंतवाडीत राजे शिवरामसाहेब भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस या कलेला राजवाड्यात आसरा दिला. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि त्यांनी इतरांना शिकवले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले.

७/ कार्डिस्ट्रीने डाव स्वतःहून सोडला. गंजिफांचा डाव मात्र सुटत गेला. चित्रकला एका वृद्ध हातातून नव्या हातांत वेळेवर पोहोचली. खेळणारे हात मात्र विरळ झाले, आणि दिवसा राम, रात्री कृष्ण हा नियम चित्रात दिसत नाही. तो खेळूनच शिकावा लागतो.

८/ म्हणून गंजिफांचा संच हाती आला, तर तो काचेच्या कपाटात ठेवण्यापूर्वी तिघांनी चादर अंथरावी, ४०-४० पाने वाटून घ्यावीत आणि निदान एक डाव खेळावा.