समीक्षकाचे नाव, वाचकांचे मत

चित्रपटाच्या गुणवत्तेचा निवाडा कोणी करावा, या प्रश्नास मुंबईत निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. कलकत्त्यात चित्रपट-पत्रकारांची संघटना १९३७ मध्येच स्थापन झाली होती. मुंबईत २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो चित्रपटगृहात 'फिल्मफेअर'ची पहिली पाच पारितोषिके दिली गेली. समीक्षिका क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून ती 'क्लेअर' म्हणून ओळखली गेली. निवड मात्र वाचकांच्या मतांनी झाली. वाचकांनी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला श्रेष्ठ ठरविले. त्याच वर्षी 'श्यामची आई'स राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देणाऱ्या शासनानेही 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र दिले. लोकमत व शासनमत असे जुळले असता समीक्षकाच्या वेगळ्या कौलाची निकड भासणे कठीण होते. १९७१ मध्ये मणि कौल यांच्या 'उसकी रोटी'स समीक्षकांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा लोकरुची व कलामूल्य यांतील अंतर मान्य झाले. परंतु तो कौलही नियतकालिकाच्याच व्यासपीठावरून दिला गेला. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म क्रिटिक्स गिल्डचे महत्त्व यातच आहे : तेथे समीक्षकाचे केवळ नाव नव्हे, निर्णयही त्याचाच असतो.